भावाचा सरडा

"अहो… तुमची बकरी माझा खोका खातेय!"

अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात सकाळच्या रांगेत असली वाक्यं काही नवी नसतात. तरी पौर्णिमा खंडारे दचकली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. लागणारच! पहाटे उठून, रेशमाच्या अळ्यांना तुतीचा पाला टाकून, चांदणीला मालवाहू रिक्षात चढवून ती बोरगाव मंजूच्या पुढच्या गावाहून आली होती. चांदणी म्हणजे तिची बकरी. दोन दिवस तिनं चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. आणि आता ती शेजारच्या तरुणाच्या मांडीवरचा पुठ्ठ्याचा खोका, कोपऱ्यापासून, अगदी मन लावून खात होती.

"खाऊ द्या की जरा!" पौर्णिमाच्या तोंडून निघून गेलं. "दोन दिवसांनी काहीतरी पोटात जातंय तिच्या."

"अहो, पण आत जनावर आहे!"

"मांजर?"

तो उत्तर देणार तेवढ्यात खोक्याचा कोपरा गेलाच, आणि त्या भगदाडातून एक तोंड दिसलं. त्रिकोणी, खरबरीत, मातकट. हनुवटीखाली काट्यांची झालर. एक डोळा उघडा, एक अर्धा मिटलेला.

पौर्णिमा किंचाळली नाही. रेशीमवालीच्या घरी पाली-सरडे म्हणजे रोजचे वैरी, अळ्या दिसल्या की हल्ला करणारे. तिचा हात सवयीनं पायातल्या चपलेकडे गेला.

"नका, नका!" त्यानं खोका छातीशी धरला. "आधीच मेल्यासारखा झालाय तो…"

त्या आवाजात असं काही होतं की तिनं चप्पल परत पायात घातली. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. पंचविशी ओलांडलेला, वाढलेली दाढी, ऊन चढलं तरी अंगात स्वेटर. चेहरा घरातल्या दोरीवर वाळवलेल्या कपड्यासारखा… स्वच्छ, पण ऊन न लागलेला.

खोका फाटल्यामुळे डॉक्टर माधवी मॅडमनी त्यालाच आधी आत घेतलं. बकरीनं गुन्हा केला म्हणून पौर्णिमालाही मागोमाग जावं लागलं. टेबलावर ठेवलेला तो सरडा हातभर लांब होता, पण सगळा कातडं आणि हाडं. पुढचा पाय उचलायला गेला की जुन्या एसटीच्या काचेसारखा थरथरायचा.

"बिअर्डेड ड्रॅगन," मॅडम म्हणाल्या. "ऑस्ट्रेलियाच्या रखरखाटातला प्राणी. उन्हाशिवाय याची हाडं धरत नाहीत. जबडा पाहा, रबरासारखा झालाय. किती दिवस अंधारात ठेवलाय याला?"

"सहा… सात महिने."

"याला उन्हासारखा उजेड देणारा दिवा लावतात ना?"

"उडाला होता."

"मग नवा?"

त्यानं स्वेटरची बाही ओढली. गप्प बसणं हे पौर्णिमाला जन्मात जमलं नव्हतं.

"सात महिने? अहो, आमच्याकडे अर्धा तास पाला उशिरा पडला तर माझा जीव वर-खाली होतो! माणूस आहात का कोण आहात तुम्ही?"

त्यानं नजर वर केली. मग खाली. "माझा नाही तो. भावाचा… माझ्या भावाचा आहे."

"मग तुमचा भाऊ माणूस नाही."

"हो," तो हळूच म्हणाला. "बरोबर आहे तुमचं."

केसपेपरवर मालकाचं नाव लागलं श्याम काळमेघ, साईनगर, अमरावती. आणणाऱ्याचं नाव नितेश काळमेघ; सरडा तपासणारं जवळपास दुसरं कोणी नव्हतं. मॅडमनी पातळ कॅल्शियम लिहून दिलं, खास दिवा लिहून दिला, सकाळचं कोवळं ऊन आणि कोमट पाण्याची आंघोळ सांगितली. "आणि जिवंत किडे. पण या जबड्यानं कडक किडा चावायचा नाही. मऊ काहीतरी हवं. रेशमाच्या अळ्या मिळाल्या तर…" त्यांची नजर हळूहळू पौर्णिमाकडे वळली.

"नाही," पौर्णिमा म्हणाली.

"अजून विचारलं कुठं मी?"

"मॅडम, लेकरासारख्या वाढवते मी त्याईले! रात्रंदिवस सरड्यापासून राखते, अन् आता आपल्याच हातानं सरड्याले चारू?" राग आला की पौर्णिमाची शहरातली मराठी अशी गळून पडायची.

"पण शेवटी त्या उकळत्या पाण्यातच…" नितेश पुटपुटला.

"ते मी नाही करत! मी नुसते कोष विकते!"

बोलून गेल्यावर तिच्याच लक्षात आलं, हे काही उत्तर झालं नाही. त्याचाच तिला जास्त संताप आला. आणि नेमका त्याच वेळी टेबलावरच्या त्या काटकुळ्यानं मान उचलायचा प्रयत्न केला, जेमतेम बोटभर, आणि ती परत धपकन पडली.

पौर्णिमानं मोठ्ठा सुस्कारा सोडला. "नंबर लिहून घ्या माझा. मागं राहिलेल्या बारक्या अळ्या देईन. रविवारी या. आणि पुठ्ठ्यात आणू नका, टोपलीत आणा!"

*

रविवारी तो आला. फाट्यापासून दीड किलोमीटर चालत, भाजीच्या जाळीच्या टोपलीत सरडा, त्याला ऊब म्हणून शेजारी गरम पाण्याची बाटली. दाढी केलेली. इस्त्रीचा शर्ट. पौर्णिमा शेडच्या दारातच उभी होती. तो दहा पावलांवर आला आणि तिचं नाक फुरफुरलं.

"सेंट मारून आलात?"

"थोडासा…" तो लाजला. "डिओ."

"परत जा."

"काय?"

"अळ्याईले वास चालत नाही. मरतात. विहिरीवर जा, अंग धुवा, मग या."

"अहो, जानेवारी आहे!"

"मंग जूनमध्ये या!"

बिचारा गेला. परत आला तेव्हा दातांवर दात वाजत होते, आणि अंगात पौर्णिमाच्या बाबांचा, मोतीरामचा, जुना ढगळ सदरा होता. अंगणात गवारीच्या शेंगा मोडत बसलेली पौर्णिमाची आई, पार्बताबाई, पदर तोंडाला लावून हसत होती.

"जयभीम, मावशी," तो कुडकुडत म्हणाला.

"जयभीम बाप्पा, जयभीम. बस उन्हात. अन् पोरी, पाहुण्याले पहिल्याच दिवशी थंड्या पाण्यात बुडवते का कोनी?" मग तिनं टोपलीत डोकावलं. "माय वो! हे काय आणलं? हे तर आमच्या डोमाजी मामासारखं दिसून राह्यलं! असीच दाढी होती त्याईची. असेच उन्हात बसत, अन् कोणासंगं बोलत नव्हते."

"याचं नाव ड्रॅको आहे," नितेश म्हणाला.

"ते तुह्या घरी. इथं डोमाजी."

विषय संपला.

अळी भरवणं मात्र सोपं नव्हतं. डोमाजी तोंडच उघडेना. नितेशनं चिमट्यानं अळी धरली, ती पडली. परत धरली, परत पडली. तिसऱ्यांदा ती त्याच्याच चपलेखाली आली.

"द्या इकडे! भैताडासारखं काय करून राहिले?" पौर्णिमानं बारीक अळ्या उचलायचं कोंबडीचं पीस घेतलं. पिसाच्या टोकानं डोमाजीच्या ओठाची कड कुरवाळली. एकदा… दोनदा… मऊ जबडा जरासा उघडला. तिनं अळी अलगद आत सरकवली. दोघंही श्वास रोखून वाकले. डोमाजीनं डोळे मिटले. गळ्याखालची झालर हलली…

"गिळली!" दोघं एकदम ओरडले.

पौर्णिमाच्या लक्षात आलं, आपण याचं मनगट घट्ट धरून ठेवलंय. तिनं झटकन सोडलं.

"किती थंड हात आहे तुमचा," ती उगाच म्हणाली.

"तुम्हीच पाठवलं होतं विहिरीवर," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

हसला ते हसला, पण जाताना बाबांचा सदरा अंगातच घेऊन गेला! संध्याकाळी पौर्णिमाची नुसती चिडचिड. आई म्हणाली, "तो आणून देईन वो पुढल्या रविवारी." पुढला रविवार हा शब्द ऐकून आपल्याला इतकं बरं का वाटलं, हे काही पौर्णिमाला कळेना. त्यानं तर ती आणखीच चिडली.

*

मग दर रविवार त्याचाच झाला. अळ्या असल्या की अळ्या, नसल्या की तुतीचा कोवळा पाला. आणि अधल्या-मधल्या दिवशी फोनवर फोटो. पौर्णिमा बडनेऱ्याला कोष विकायला व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभी असायची, फोन टिंग करायचा, ती उत्सुकतेनं उघडायची आणि… डोमाजीची शी! खाली मजकूर: 'आज एकदम घट्ट!!'

'मला हे पाठवत जाऊ नका,' ती लिहायची.

'मॅडम म्हणाल्या, हे फार चांगलं लक्षण आहे.'

'मग मॅडमला पाठवा!'

दुसऱ्या दिवशी फोटो आला नाही, तर दुपारपर्यंत तिला चैन पडेना. शेवटी तिनंच लिहिलं, 'काय झालं? केली का नाही?' आणि पाठवल्यावर कपाळावर हात मारला. सगळ्या जगातल्या मुलींना गुलाबाचे फोटो येतात. आपल्याला काय येतं? आणि आपण वाट कशाची पाहतो?

फेब्रुवारीत डोमाजी कोपरांवर उठायला लागला. नितेशचाही रंग बदलला. फाट्यावरून चालून चालून कान तांबूस झाले. पुण्यात सहा वर्षं काढून आणलेली 'खातेय-झालंय'ची मराठी हळूहळू उतरली आणि खालून अमरावती डोकावू लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही. म्हणजे त्यानं केलं. पौर्णिमा अजून 'तुमी' म्हणायची, कारण रागावताना 'तुमी' जास्त लागतं.

एका रविवारी ती त्याला शेडमध्ये घेऊन गेली. हातपाय धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात पाय बुडवून. अळ्या शेवटच्या टप्प्यात होत्या, करंगळीएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. तिनं रॅकवर तुतीच्या ताज्या फांद्या पसरल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. "ऐका."

आधी काहीच नाही. मग एक सरसर सुरू झाली. वाढत गेली… हजारो तोंडं पानं कुरतडत होती, आणि बाहेर लखलखीत ऊन असताना शेडमध्ये पाऊस पडत होता.

"पौर्णिमा…" तो कुजबुजला.

"शू."

त्या पावसात दोघं बराच वेळ उभी राहिली, एकमेकांकडे न पाहता. न पाहण्यासाठी फार कष्ट पडत होते.

बाहेर आल्यावर अंगणात एक नवल झालं. आई टोपलीसमोर वाकली होती, आणि डोमाजीनं पुढचा उजवा पाय हळूच उचलून, गोल फिरवून, खाली ठेवला.

"अवो, पोरी! यानं हात हालवला!" पार्बताबाईनं लगेच हात जोडले. "जयभीम, डोमाजी, जयभीम!"

नितेश टोपलीशी गुडघे टेकून बसला. "हात हलवतात ते… ताकद असली की." त्याचे डोळे भरून आले होते. "वर्षभरात पहिल्यांदा हलवला."

असं मऊ व्हायला झालं की पौर्णिमाचा राग कुठंतरी निघायचाच. तो नेहमीप्रमाणे भावावर निघाला.

"अन् त्या तुमच्या भावाले कधी दाखवान हे? खरं सांगते नितेश, एवढा निर्दय माणूस मी पाहिला नाही. एक दिवा आणता आला नाही त्याले? एक पडदा सरकवता आला नाही? अशा माणसाले जन्मात कोणी जवळ करू नये!"

"हो," नितेश म्हणाला. आणि टोपली उचलून तो त्या दिवशी लवकरच निघाला.

*

मार्चच्या मध्यावर कोष विकायला गेलेल्या पौर्णिमाचं काम बारापर्यंत आटोपलं. पिशवीत तुतीचा पाला होता. तो आपण सकाळी घरूनच का तोडून आणला, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. बडनेऱ्याहून साईनगर असं कितीसं लांब! ऑटो केला, पत्ता विचारत विचारत पोचली, बेल वाजवली.

दार एका गोलमटोल गृहस्थानं उघडलं. कपाळाला गंध, हातात वरणाचा डाव.

"श्याम काळमेघ?" पौर्णिमानं विचारलं.

"हो. आपण?"

दोन महिने साठवलेलं होतं. ते असं सुटलं की डावातलं वरण फरशीवर ठिबकत राहिलं. "मी पौर्णिमा खंडारे! तुमच्या सरड्याले अळ्या देते ती! लाज वाटते का जराशी? मुकं जनावर आणायचं, काचेत कोंडायचं, अन् सात-सात महिने त्याच्याकडे पाहायचंही नाही? तो तुमचा भाऊ सत्तर किलोमीटर टोपली घेऊन येते, अन् तुमी इथं वरण वाढून राहिले?"

श्यामरावांनी डाव छातीशी धरला. "ताई… मी? ताई, मले तर पालीची इतकी भीती वाटते की तो घरात आला तेव्हापासून मी त्या खोलीत पाय नाही टाकला. माझा कशाचा सरडा? तो नितेशचा हाये. पुण्याहून त्यानंच आणला."

मागं खोलीचं दार उघडलं होतं. दारात नितेश उभा होता, खांद्यावर डोमाजी. खोलीच्या खिडकीतून ऊन आत येत होतं, आणि काढून टाकलेल्या जाड पडद्याची घडी टेबलावर होती.

पौर्णिमानं पाल्याची पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि वळली.

फाटकाशी त्यानं तिला गाठलं. डोमाजी खांद्यावर तसाच. "पौर्णिमा, ऐक ना… पुण्याची नोकरी गेली होती. अचानक. घरी आलो आणि… मले उठावंच वाटत नव्हतं. पडदा उघडला की दिवस दिसायचा. दिवा उडाला, म्हटलं उद्या आणू. मग परत उद्या. जानेवारीत एके दिवशी पाहिलं तर हा पाय ओढून राहिला होता. त्या दिवशी सात महिन्यांनी मी घराबाहेर पडलो. तिथं तू विचारलं, माणूस आहात का म्हणून. अन् माझ्या तोंडातून 'भावाचा' निघून गेलं."

"अन् मग आठवड्यामागून आठवडे तेच निघत राहिलं?" तिनं फाटक धाडकन लोटलं. "मी तुमच्या तोंडावर तुमालेच शिव्या देऊन राहिली, अन् तुमी 'हो, हो' करत होते! मी काय काय बोलली… जन्मात कोणी जवळ करू नये म्हटलं मी!"

"खरंच होतं ते."

"ते खरं होतं का नव्हतं, ते मी ठरवलं असतं! तुमी मले ठरवूच नाही दिलं!" ती थांबवून ठेवलेल्या ऑटोत बसली. "तुमाले उठता येत नव्हतं, कबूल. मले समजते ते. पण मले खोटं बोलाले कोणी सांगितलं होतं? येऊ नका आता रविवारी."

ऑटो निघाला. तिनं मागं पाहिलं नाही. म्हणजे एकदाच पाहिलं.

*

दोन रविवार रिकामे गेले. शेवटची बॅच शेडमध्ये होती, ऊन तापायला लागलं होतं, पत्र्यावर ओली पोती टाकून टाकून पौर्णिमाचे हात दुखत होते, आणि घरात भांडी नेहमीपेक्षा जोरात आदळत होती.

"डोमाजी कसा असन वो?" आईनं विचारलं.

"मले काय माहीत?"

"अन् तो?"

"कोण तो?"

"जाऊ दे," पार्बताबाई म्हणाली. "भांडे फोडू नको फक्त."

मग चांदणीला पिल्लं झाली, दोन, आणि औषधासाठी पौर्णिमाला अकोल्याला जावं लागलं. माधवी मॅडमनी औषध दिलं आणि म्हणाल्या, "तुझा तो सरडेवाला मंगळवारी येऊन गेला. हाडं चांगली धरतायत गं. पण तो त्यासाठी आलाच नव्हता. केसपेपरवरचं नाव बदलून घ्यायला आला होता."

"नाव?"

"मालकाचं. मी म्हटलं, अरे, नावानं औषधाला काय फरक पडतो? तर सगळ्या रांगेसमोर म्हणतो, 'मॅडम, सात महिने मीच अंधारात ठेवला होता त्याला. माझं नाव लिहा.' मागं एक म्हशीवाला उभा होता. तो म्हणाला, 'बरं केलं भाऊ, आता सरक.'"

पौर्णिमा हसली नाही. दवाखान्याबाहेर येऊन ती कडुनिंबाच्या सावलीत थांबली. एवढ्यासाठी अमरावतीहून अकोला! फोनवरून सांगितलं असतं तर नसतं का बदललं? कोणी सांगितलं होतं याला? तिनं फोन लावला.

"पाला संपला नाही का?" ती एकदम म्हणाली.

"संपला. शेवग्याचा देऊन राहिलो."

"मंग आले काहून नाही?"

"तूच म्हटलं होतं, येऊ नको."

"मी म्हटलं अन् तुमी ऐकलं? आजवर माझं एक तरी ऐकलं होतं का? फोटो पाठवू नका म्हटलं, ते ऐकलं? डिओ मारू नका म्हटलं, तरी दुसऱ्यांदा मारून आले! अन् नेमकं हेच ऐकलं!"

"मग… येऊ?"

"मले काय विचारता? अळ्या कोषावर चढून राहिल्या. चार दिवसांनी शेडमध्ये एक अळी राहणार नाही. मग पावसाळ्यापर्यंत काहीच नाही." आणि तिनं फोन कापला. कापल्यावर तिला स्वतःचाच असा राग आला! काय गरज होती दिवस मोजून सांगायची?

*

एक दिवस गेला, दोन गेले. तिनं टपोऱ्या, मऊ वीस अळ्या वेगळ्या काढून डब्यात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी डब्याच्या कोपऱ्यात त्यांनीही कोष विणायला घेतले. चौथा दिवस गेला. रस्त्यावर कोणी नाही. पाचव्या दिवशी शेड रिकामी झाली, आणि पौर्णिमा केरसुणी घेऊन असा झाडू मारत होती की धूळ बोरगावपर्यंत गेली असेल.

"पौर्णिमा."

दारात नितेश उभा होता. घामानं निथळलेला. दोन्ही हात मोकळे. ना टोपली, ना बाटली. आणि सेंटाचा वास नाही.

"आता आले?" तिनं केरसुणी आपटली. "चार दिवस म्हटलं होतं ना? एक अळी नाही राहिली! आता काय घेऊन जाल?"

"म्हणून तर आज आलो," तो म्हणाला. "अळ्या असताना आलो असतो तर तुले वाटलं असतं, अळ्यांसाठी आला."

पौर्णिमानं आपटलेली केरसुणी उचलली आणि झाडलेलीच जागा परत झाडली.

"डोमाजी कुठं हाये रे?" अंगणातून आईनं विचारलं.

"घरी, मावशी. श्यामदादाकडे. तो खुर्चीवर पाय वर घेऊन बसला हाये, पण लक्ष ठेवून हाये." नितेश पार्बताबाईसमोर जाऊन उकिडवा बसला. "मावशी, तुमाले एक सांगायचं होतं. मी इथं दर रविवारी सरड्यासाठी येत होतो असं तुमाले वाटत असन. सुरुवातीले तसंच होतं. नंतर… नंतर मी पौर्णिमासाठी येत होतो."

"मंग?" पार्बताबाई शांतपणे म्हणाली. "मले काय आंधळी समजतं का? पाल पोसाले कोनी सत्तर किलोमीटर येते का, बाप्पा? पण तुह्या घरी चालन का? आमी कोण, तुमी कोण."

"काल रात्रीच सांगितलं घरी. आई दोन घंटे बोलली नाही. मग म्हणे, ते पोरगी आली होती अन् श्यामले रागावली होती, तेच का? म्हटलं, तेच. मग म्हणे, कामाची दिसते." तो थांबला. "अजून पूर्ण हो नाही म्हटलं तिनं. पण मी सगळं खरं सांगितलं, मावशी. माझी नोकरी गेली होती ते, मी घरात कसा पडून होतो ते. पुढल्या महिन्यापासून अमरावतीतच काम मिळालं, तेही."

"हिचे बाबा शेतातून आले की त्याईलेही सांग," पार्बताबाई उठली. "मी चहा ठेवते." आणि जाता जाता लेकीकडे पाहून ती असं हसली की पौर्णिमाचे कान तापले.

आता अंगणात दोघंच उरली. ऊन, रिकामी शेड, आणि पौर्णिमाच्या कमरेवर दोन्ही हात.

"म्हणजे," ती म्हणाली, "भावाले सांगून झालं."

"हो."

"आईले सांगून झालं. माह्या आईले सांगून झालं. आता बाबाले सांगान. त्या म्हशीवाल्यालेही सांगितलंच असन!"

"नाही, त्याले फक्त—"

"सगळ्या वऱ्हाडाले सांगून झालं, नितेश! अन् ज्या बाईसाठी येता, तिले कोण सांगन? मले काहून नाही सांगितलं?"

तो उठला. जवळ आला. डोळ्यांत डोळे घालून, एक शब्द न अडखळता म्हणाला, "मले तू आवडतं, पौर्णिमा. लय. रागावते तेव्हा तर सगळ्यात जास्त."

पौर्णिमानं तोंड फिरवलं. गालांवरचं हसू लपवायला केरसुणीशिवाय हाताशी काही नव्हतं, म्हणून तिनं केरसुणीच त्याच्या हातात दिली.

"मंग उभा काय राह्यला?" ती म्हणाली. आवाज फार मऊ निघाला, ते तिलाही ऐकू आलं. "घे, तिकडचा कोपरा तू झाड."